दाजी, रेस्ट घ्या!

सायकलच्या चेनमध्ये लाल माती साचते, तसे सायकलवाल्यांच्या टोळक्यात किस्से साचतात. मुद्दाम कुणी साठवत नाही. चेन निदान ब्रश मारून धुता तरी येते, किस्से मात्र जेवढे घासाल तेवढे जास्तच चकाकतात!

आमचं टोळकं चौघांचं. मी शुभदा. कणकवलीत माझं मेडिकल आहे. येईल त्याला 'काय झालंय?' विचारून विचारून माझा स्वभावच चौकस झालाय. सायकलीचा नाद लागल्यापासून तर 'थकतं म्हणजे शरीरात नक्की काय होतं, आणि ते परत ताजं कधी होतं?' हा एकच प्रश्न डोक्यात. औषध कंपनीने फुकट दिलेल्या एका डायरीत मी सगळ्यांचं टिपून ठेवते. कोण किती झोपला, काय खाल्लं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कोण 'आई गं' म्हणालं.

दुसरे फ्रान्सिस मास्तर, देवबागचे. हायस्कूलात गणित शिकवतात, वय बावन्न, उंची सहा फुटाला जरा कमी, आणि चढाला आमच्यात सगळ्यात तगडे. तिसरा उल्हास, जमीन मोजणीच्या ऑफिसात क्लार्क. त्याला जमिनीवरचं आणि जमिनीबाहेरचं सगळंच मोजायची सवय. आणि चौथे दाजी.

दाजी मालवण तालुक्यातल्या एका आतल्या गावचे. काजू, थोडं भात, चार गुरं. वय एकोणपन्नास. भाचा गाव सोडून जाताना आपली गियरची सायकल पडवीत टाकून गेला. 'गंजता कित्याक?' म्हणून दाजी तिच्यावर बसले, ते उतरलेच नाहीत.

आम्ही रेस करतो ती क्रॉस-कंट्री. म्हणजे सड्यावरची, उघड्या जांभ्याच्या पठारावरची, झाडीतली, दगडधोंड्यांतली एक गोल वाट. ती पाच वेळा फिरायची. एक फेरी म्हणजे एक लॅप. शेवटच्या लॅपला लागलात की रेसवाले घंटा वाजवतात. पण एक वाईट नियम आहे. तुमची शेवटची लॅप सुरू व्हायच्या आत पहिल्या नंबरवाल्याने तुम्हाला मागून येऊन गाठलं, की शिट्टी वाजते आणि तुम्हाला वाटेतूनच बाहेर काढतात.

दाजी अकरा रेसमध्ये उतरले होते. अकराही वेळा त्यांना बाहेर काढलं. दरवेळी ते हेल्मेट काढून शांतपणे बाजूला उभे राहायचे आणि इतरांसाठी वाजणारी घंटा ऐकायचे. एकदा त्या घंटेकडे बोट दाखवून मला म्हणाले, "शुभाताय, ही घाट माझ्यासाठी एकदा वाजाक व्हयी गो. नंबर नको माका. घाट व्हयी."

* * *

उल्हासने इंटरनेटवरून कुठूनतरी बारा आठवड्यांचा ट्रेनिंग प्लॅन काढला. रंगीत तक्ता! लाल म्हणजे जोरात, पिवळा म्हणजे हळू आणि सोमवार कोरा पांढरा. सोमवारी रेस्ट.

"रेस्ट सगळ्यात महत्त्वाची," उल्हासने आम्हाला ऑफिसच्या मराठीत समजावलं. "व्यायाम करताना ताकद वाढत नाही. विश्रांती घेतल्यावर वाढते."

दाजींनी हे फार गंभीरपणे ऐकलं. त्यांना पटलेलंही दिसलं.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी प्रत्येकाने ग्रुपवर आपल्या रेस्टचा रिपोर्ट टाकायचा होता. मी लिहिलं, दुकानात बसून होते. मास्तरांनी लिहिलं, पेपर तपासले. उल्हासने झोपेचा आलेख टाकला. मग दाजींचा आवाज आला, चांगला दोन मिनिटांचा.

"सकाळी उठलंय. गुरां सोडलंय. बांधाचे चिरे ढासळले होते, ते परत चढयलंय, चाळीसभर असतले. मगे काजीत रान मारलंय. सांजचे दोन भारे गवात हाडलंय डोक्यार. झाला."

उल्हासने तडक फोन लावला. "दाजी! अहो आज रेस्ट घ्यायची होती!"

"मगे? घेतलंय मा! सायकल अख्खो दिस भिंतीक टेकान उभी आसा. हातसुदीक लावूक नाय तिका!"

* * *

उल्हासकडे एक घड्याळ आहे. ते वेळ सोडून बाकी सगळं सांगतं. झोप किती, नाडी किती, शरीर किती टक्के ताजं झालं. दाजींच्या शरीरात काय चालतं हे मला बघायचंच होतं. मी उल्हासच्या मागे लागून ते घड्याळ आठवडाभर दाजींच्या मनगटावर बांधलं.

आठवड्याने आम्ही तळेऱ्याला फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर आकडे उघडले. बसल्या जागी दाजींची नाडी सेहेचाळीस! उल्हासची स्वतःची सत्तरच्या खाली कधी आली नव्हती. त्याने दाजींचं मनगट धरून घड्याळ हलवलं, काच पुसली आणि म्हणाला, "सेन्सरमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे."

पण माझी नजर दुसरीकडेच अडकली होती. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला नाडी एकदम एकशे चाळीसवर गेली होती. चांगली दहा मिनिटं. आणि त्या दहा मिनिटांत पावलं शून्य!

"दाजी, शुक्रवारी चारला काय करत होता?"

"बसलो होतंय."

"बसून एवढी नाडी कशी जाईल?"

"वयनी तापली असतली!" मास्तर हसले. वयनी म्हणजे दाजींची बायको.

दाजींनी बशीत चहा ओतला, पण तो प्यायले नाहीत. "डॉक्टराकडे बसलो होतंय," ते म्हणाले. "गुडघ्याचो फोटो दाखवत होतो तो."

डाव्या गुडघ्यातली गादी झिजली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ह्या थंडीपर्यंत ठीक, पुढे डोंगर नाही, रेस नाही. सपाट रस्त्यावर हळू चालवा, तेवढीच परवानगी. आणि थंडीत आमच्या भागात एकच रेस व्हायची होती.

म्हणजे बारावी रेस ही शेवटची. घंटा वाजली तर त्या दिवशी, नाहीतर कधीच नाही. मला तर गुडघ्याच्या सगळ्या गोळ्यांची नावं एकामागून एक आठवत होती आणि एकही उपयोगाची नव्हती.

शेवटी दाजींनीच घड्याळ मनगटावरून सोडलं आणि उल्हाससमोर ठेवलं. "घी रे बाबा हे परत. ह्याका सगळाच कळता!"

* * *

आता दाजींची रिकव्हरी नीट झाली पाहिजे, असं आम्ही तिघांनी मनावर घेतलं. रिकव्हरी म्हणजे रेसनंतर किंवा जोराच्या सरावानंतर शरीर परत भरून येणं. त्यासाठी माझ्या दुकानात पावडरचा डबा आहे. चॉकलेट फ्लेवर. सराव झाला की अर्ध्या तासात दुधातून एक ग्लास!

दाजींचा मात्र ठाम विश्वास पेजेवर. उकड्या तांदळाची पेज, वर लोणच्याची फोड, बाजूला भाजलेली सुकट.

मला प्रयोग करायची खुमखुमी आली. दोन आठवडे पेज, दोन आठवडे पावडर. सराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी त्यांच्या देवळाची पाखाडी चढायची आणि मी वेळ लावायची. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्या, मोजून एकशे बारा. डायरीत मी दोन रकाने आखले. एवढी शास्त्रीय मी कॉलेजातही नव्हते!

पेजेचे दोन आठवडे झाले. पावडरचे सुरू झाले. आणि पावडरचे आकडे हुबेहूब पेजेसारखेच यायला लागले. ना एक सेकंद कमी, ना जास्त. मला संशय आला. मी एका सकाळी सरळ त्यांच्या चुलीपाशी जाऊन बसले.

वयनीने डबा उघडला, दोन चमचे पावडर काढली आणि शिजत्या पेजेत टाकून ढवळली!

"अगो वयनी, हे काय? पावडर वेगळी घ्यायचीय, पेज बंद करायचीय!"

"पेज बंद?" वयनी माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी श्वास बंद करायला सांगितलं होतं.

दाजी चॉकलेटी पेजेचा घोट घेत म्हणाले, "पावडर बरी आसा गो. तशी वायट नाय. पण पेजेची चव घालयता."

* * *

बर्फाचा प्रयोग मास्तरांच्या नशिबी आला. मोठे खेळाडू दमल्यावर बर्फाच्या पाण्यात बसतात, हे त्यांनी कुठेतरी बघितलं. दाजींना बसवायच्या आधी स्वतः करून बघतो म्हणाले. गणिताचे मास्तर, उदाहरण आधी स्वतः सोडवून बघणार!

आता देवबागात बर्फ म्हटलं की तो मासळीचा. मास्तरांनी शेजाऱ्याच्या होडीवरचा मासे ठेवायचा निळा मोठा टब आणला, किनाऱ्यावर माडाखाली ठेवला, त्यात फोडलेला बर्फ आणि पाणी ओतलं. बनियन आणि हाफ पँट घालून मास्तर आत बसले. मी वेळ लावली. दहा मिनिटं.

पहिल्या मिनिटाला मास्तरांनी सगळ्या संतांची नावं घेतली. तिसऱ्या मिनिटाला त्यांचा आवाज बंद झाला. पाचव्या मिनिटाला मासळी घ्यायला आलेल्या दोन बायका टबापाशी थांबल्या. मास्तर मानेपर्यंत बर्फात, डोळे मिटलेले, ओठ निळे. त्यातल्या मोठीने कंबरेवर हात ठेवून वाकून बघितलं.

"ताजो आसा काय गो?" तिने दुसरीला विचारलं.

दुसरी म्हणाली, "कल्ले उघडून बघ!"

मास्तरांनी दहाऐवजी सहाच मिनिटांत बाहेर उडी मारली. दुसऱ्या दिवशी पाय खरंच हलके वाटले म्हणतात. पण मांजरं आठवडाभर शाळेपर्यंत मागे यायची, म्हणून तो प्रयोग आम्ही दाजींवर केला नाही.

* * *

दाजी हळू नव्हते, हे आम्हाला फार उशिरा कळलं! कळलं ते उल्हासमुळे. त्याने चौघांच्या फोनवरचे नकाशे एकावर एक ठेवून बघितले. आमच्या सरावाच्या वाटेवर दाजींचा ठिपका चांगला पळत होता, आणि एका वळणावर येऊन थांबत होता. दर लॅपला, त्याच जागी, अकरा सेकंद.

"गियर अडकतो का?" उल्हास.

"दम लागतो का?" मी.

दाजींनी आमच्याकडे, ही कुठली माणसं, अशा नजरेने बघितलं. "थंय राखणदार आसा. तेका सांगल्याशिवाय फुडे कसो जातलंय?"

राखणदार म्हणजे त्या जागेची राखण करणारा. आमच्याकडे प्रत्येक सड्याला, प्रत्येक व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, असतो. त्या वळणावर एका किंदळीच्या झाडाखाली त्याचा दगड होता. दाजी तिथे उतरायचे, हेल्मेटला हात लावायचे, 'येतंय रे' म्हणायचे आणि पुढे जायचे.

उल्हासने कागदावर हिशेब मांडला. अकरा सेकंद गुणिले पाच, पंचावन्न सेकंद. एवढ्यात माणूस बाहेर निघायचा वाचतो! त्याने तोडगा काढला. "दाजी, पहिल्या लॅपलाच पाचही लॅपचं एकदम सांगून टाका ना."

"तू घरात पाच येळा येतंस-जातंस तेवा आवशीक एकदाच सांगतंस?"

उल्हासने हिशेबाचा कागद घडी करून खिशात टाकला. पण मला आणखी एक प्रश्न पडला. "दाजी, परक्या ठिकाणी रेस असते तेव्हा काय करता? तिथला राखणदार कुठे बसलाय हे कसं कळतं?"

"नदर ठेवची लागता. दगड दिसता मा. मागच्या रेसात नाय, त्या बांबूच्या बेटाकडे? पांढरो चुनो लावलेलो, वर बाण काढलेलो. थंय थांबलंय मी दर लॅपाक."

उल्हासचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अहो दाजी, तो हद्दीचा दगड! आमच्याच ऑफिसने बसवलाय. मी स्वतः उभा होतो तिथे!"

दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"असांदे. मगे तुझो सायेब तरी पावात!"

* * *

रेस रविवारची. आदल्या आठवड्यात काहीही करायचं नाही, असं प्लॅन सांगत होता. याला टेपर म्हणतात. सराव कमी कमी करत आणायचा आणि शेवटचे तीन-चार दिवस निव्वळ आराम. तीन महिन्यांत दाजींना आम्ही कधी एक दिवस बसवू शकलो नव्हतो, चार दिवस कोण बसवणार?

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्यांच्या गावची गावपळण आली!

आमच्याकडच्या काही गावांत ही रीत आहे. तीन-चार वर्षांनी एकदा देवाला विचारून अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. बाहेर माडाच्या झापांच्या झोपड्या घालून तीन दिवस राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचा. आत एका माणसाने पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी देवाला कौल लावायचा. देवाने 'या' म्हटलं, तरच परत जायचं.

बुधवारी गाव बाहेर पडला. टेम्पोत भांडी, अंथरुणं, तांदूळ, चार खुराडी कोंबड्या. मांजर आलं ना, हे वयनीने दोनदा बघितलं. वेस ओलांडून, व्हाळ पार करून, झोपडी घालून झाल्यावर दाजींनी इकडेतिकडे बघितलं.

"सायकल खंय?"

वयनीला वाटलं दाजींनी चढवली. दाजींना वाटलं वयनीने. सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी!

मी गुरुवारी दुकान बंद ठेवून बघायला गेले. मास्तर आणि उल्हासही आले. दाजी झोपडीच्या दारात चटईवर बसले होते. व्हाळाच्या पलीकडे माडांतून त्यांच्या घराची कौलं दिसत होती. इथे ना गवत होतं, ना बांध, ना काजूची बाग. करायला काही म्हणजे काहीच नव्हतं. दुपारी झोपले, उठले, पेज प्यायले, परत आडवे झाले.

उल्हासला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. "मी तीन महिने घसा सुकवला! आणि देवाने बघा, एका फटक्यात टेपर करून घेतला!"

शनिवारी सकाळी कौल लावायचा होता. कौल मिळाला, की दाजी घरी जाणार, सायकल काढणार, रविवारी रेसला येणार. सगळं बरोबर बसत होतं. आम्ही तिघंही तिथे हजर होतो. गावकरी वेशीवरूनच देवाला विचारून आले आणि माना हलवत म्हणाले, "आज नाय दिल्यान. उद्या परत लावया."

म्हणजे आणखी एक दिवस बाहेर. आणि रेस उद्या सकाळी आठला!

दाजी चटईवरून उठले. व्हाळापर्यंत गेले, पलीकडे बघत उभे राहिले. अंतर एवढंच, की दगड भिरकावला तर अंगणात पडेल. पण ओलांडायचा विचारसुद्धा त्यांच्या मनात आला नसणार. परत येऊन चटईवर बसले आणि डाव्या गुडघ्यावरून हात फिरवायला लागले. मला बघवेना.

मग मास्तर उठले. त्यांची सायकल गाडीच्या टपावर बांधलेली होती, कारण दुसऱ्या दिवशी तेही उतरणार होते. दाजींच्याच गटात, पंचेचाळीसच्या वरच्या. आणि ह्या वर्षी पहिल्या तिघांत येणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी सायकल उतरवली आणि लंगडत लंगडत झोपडीपाशी आणली.

"दाजी, ही तू ने. माका काय जमाचा नाय. पाय मुरगाळलो माझो."

"कवा?"

"आत्ताच. व्हाळात."

दाजींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. येताना मास्तर उजवा पाय ओढत होते. आता डावा उचलून उभे होते.

"मास्तरानू, दुखता तो पाय खंयचो?"

मास्तरांनी खाली आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "दोनय."

खरं सांगते, मी तोंड फिरवून डोळे पुसले. उल्हास मान खाली घालून टेप काढून बसला होता. मास्तरांपेक्षा दाजी वीतभर बुटके, म्हणून तो मिलिमीटर मोजून सीट खाली घेत होता.

* * *

आणि आता ती रेस.

विजयदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या सड्यावर होती. पाच लॅप. दव पडलेलं, जांभा दगड निसरडा. मी आणि उल्हास स्टार्टपाशी उभे राहिलो. दोन्ही पाय दुखत असलेले मास्तर चढावर जाऊन दाजींबरोबर धावायला तयार!

पहिल्या लॅपला दाजी शेवटून तिसरे होते. दुसऱ्याला शेवटून पाचवे. मी घाबरूनच गेले. एवढे पुढे ते कधी आलेच नव्हते. चार दिवस झोपलेलं शरीर असं पळतं? मला तिथेच बसून डायरी काढावीशी वाटत होती, पण वाटेवरची नजर काढवेना.

तिसरी लॅप गेली. चौथीत पहिल्या नंबरचा माणूस, कोल्हापूरकडचा एक काटक गडी, मागून येताना दिसायला लागला. त्याची पाचवी होती, दाजींची चौथी. खालच्या झाडीतून दाजी बाहेर पडले, आणि त्यांच्या मागे पन्नास पावलांवर तो. शिट्टीवाल्याने शिट्टी तोंडात धरली.

"दाजी, ये रे सायबा, ये!" मास्तर चढावर त्यांच्या बाजूने धावत होते आणि हातातली टोपी हवेत फिरवत होते. दाजी उभे राहून पॅडल मारत होते. डावा गुडघा बाहेर फेकला जात होता. तो माणूस तीस पावलांवर आला, वीस पावलांवर आला, दहावर आला. दाजींचं पुढचं चाक लॅप संपायच्या चुन्याच्या रेघेवरून गेलं.

आणि घंटा वाजली! कोण कुणाच्या गळ्यात पडत होतं, मला आठवत नाही. उल्हास रडत होता, एवढं आठवतं. दाजींनी मान वळवून घंटेकडे एकदा बघितलं आणि झाडीत शिरले. आता त्यांना कुणी बाहेर काढू शकत नव्हतं.

मग आम्ही वाट बघायला लागलो.

एकेक जण येत गेला. सगळे आले. दाजींना एका लॅपला वीस-बावीस मिनिटं लागतात. पंचवीस झाली. तीस झाली. बक्षिसं वाटून झाली. चाळीस झाली तेव्हा रेसवाले पताका सोडायला लागले आणि मला म्हणाले, "तुमचा माणूस पडलाय बहुतेक. बघून या."

गुडघा! मी बँडेजची पिशवी उचलली आणि उलट्या दिशेने वाटेवर धावत सुटले. फार जावं लागलं नाही. शेवटच्या वळणाच्या अलीकडे, रेघेपासून हाकेच्या अंतरावर एक काजूचं झाड होतं. त्याच्या सावलीत दाजी उभे होते. सायकल अंगाला टेकवलेली, हेल्मेट डोक्यावर, पट्टा बांधलेला.

"पडलात?"

"नाय गो."

"पंक्चर?"

"नाय."

"गुडघा धरला?"

"गुडघो बरो आसा."

मी वाकून चाकं बघितली, गुडघा दाबून बघितला. खरंच काही झालेलं नव्हतं. "मग दाजी, इथे कशाला उभे आहात? तिकडे सगळे थांबलेत. मास्तर थांबलेत. शंभर पावलं राहिलीत फक्त, चला!"

दाजी झाडाच्या सावलीतून त्या चुन्याच्या रेघेकडे बघत होते.

"थांबांदेत गो जरा," ते म्हणाले. "थंय पोचलंय काय मी भायर. हंय आसंय तवसर रेसमधी आसंय."